चौदाव्या मिनिटाची उचकी

२ फेब्रुवारी, रविवार

मंडळाच्या इतिवृत्ताच्या वहीत मी काल लिहिलं, 'सर्व सभासदांनी प्रस्तावाला उत्साहाने पाठिंबा दिला.' खरं असं झालं की प्रस्ताव ऐकून मेट्रनबाई खुर्चीवर चढून उभ्या राहिल्या, प्रोफेसरांनी टेबल बडवायला घेतलं, आणि माझ्या तोंडून अशी किंकाळी फुटली की खालच्या गाद्यांच्या दुकानातला माणूस जिना चढून वर आला, कोणी पडलं की काय बघायला. आता हे इतिवृत्तात कसं लिहिणार? म्हणून ही दुसरी वही. हिच्यात सगळं खरं लिहायचं. कुणी वाचायची नाही.

आमचं मंडळ म्हणजे 'उडती कपाटं' ह्या बँडच्या वेड्यांचं मंडळ. बँड मोडून चाळीसच्या वर वर्षं झाली. चौघांतले दोघे गेले, एक मधमाश्या पाळतो, आणि चौथा त्या मधमाश्यावाल्याशी कोर्टात भांडत बसलाय. त्या भांडणापायी त्यांची एकुलती एक थोर रेकॉर्ड, 'सातव्या मजल्यावरचा समुद्र', पुन्हा कधी निघालीच नाही. इंटरनेटवर कुणी टाकली की दोन दिवसांत गायब. आमच्याकडे आहे ती कॅसेट. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, अठरा वर्षांचा असताना त्याने एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून ती रेकॉर्ड एका दुपारपुरती मागून आणली आणि प्लेअरच्या स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर ठेवून उतरवून घेतली. आठवडाभरात रेडिओवाला दुकान बंद करून रेकॉर्डसकट दुसरीकडे गेला. दादाच्या कॅसेटवरून मित्रांनी उतरवली, त्यांच्यावरून त्यांच्या मित्रांनी. गावात आज जेवढी म्हणून कपाटवेडी माणसं आहेत, ती सगळी त्या एका कॅसेटची लेकरं.

तर येत्या मार्चमध्ये त्या रेकॉर्डला पन्नास वर्षं होतात. दादा म्हणाला, "आख्खी रेकॉर्ड आपण वाजवू. स्टेजवर, लोकांसमोर, पहिल्या आवाजापासून शेवटच्यापर्यंत." दादा ड्रम वाजवतो, पण इतकी वर्षं नुसता मंडळाच्या खोलीत. घरी जाताना जिन्यात मला म्हणाला, "चिमे, माझ्या कानात आहे तोवर एकदा पूर्ण वाजवून घेऊ दे. मग माझं काही मागणं नाही."

काय एकेक बोलतो! सत्तेचाळीस वर्षं कानात आहे, आता कुठे पळून जाणार आहे? तारीख ठरली, २३ मार्च, रविवार, दुपारी चार. शाळेचा हॉल.

८ फेब्रुवारी, शनिवार

पहिली तालीम. ड्रमवर दादा, गिटारवर प्रोफेसर, गायला मेट्रनबाई, ऑर्गनवर मी. प्रोफेसर खरे प्रोफेसर नव्हेत, ते मोटार ड्रायव्हिंग शिकवतात, पण क्लच कसा दाबावा हे सांगतानासुद्धा ते तीन मुद्द्यांत सांगतात म्हणून हे नाव पडलं. मेट्रनबाई मात्र खऱ्या मेट्रन, हल्लीच निवृत्त झाल्या. आवाज असा की वॉर्डात त्या गुणगुणल्या तर पेशंट आपणहून गोळ्या घेत.

आज दुसऱ्या बाजूपर्यंत पोचलो. दुसरी बाजू म्हणजे बावीस मिनिटांचं एकच गाणं. मध्ये बराच वेळ ताल नाही, सूर नाही, नुसता धुमाकूळ, आणि मग चौदाव्या मिनिटाला ती जागा येते. समुद्र परत तालात येतो, दोन वेळा लाट आपटते, आणि तिसऱ्या लाटेला एक मात्रा गायब! ताल ठेचकाळतो, खोलवर कुठेतरी 'धप्' होतं, एक लहान मुलगी हसते, आणि गाणं पुढे पळतं. आम्ही तिला 'उचकी' म्हणतो. गावातला कुठलाही कपाटवेडा उचकीला बसून राहत नाही, तो जागच्या जागी उडी मारतो. लग्नात मारतो, दुकानात मारतो, मेट्रनबाईंनी एकदा ऑपरेशन थिएटरच्या दारात मारली होती. दोन अनोळखी माणसं एकत्र उडाली की लगेच ओळख होते.

प्रोफेसरांनी उचकीवर चौसष्ट पानांची पुस्तिका लिहिली आहे. त्यांच्या मते ती मुलगी म्हणजे गायकाची लहानपणी वारलेली बहीण, आणि हरवलेली मात्रा म्हणजे तिचं न जगलेलं आयुष्य. वाचताना मला दर वेळी रडू येतं. पुस्तिकेची प्रुफं दादाने तपासली होती, आणि प्रोफेसर सांगतात की तपासताना तो इतका हेलावला की रुमाल तोंडात कोंबून बाहेर निघून गेला.

मला स्वतःला कॅसेट उतरवल्याची ती दुपार काही आठवत नाही. मी सहा वर्षांची होते. आई सांगायची की त्या वयात मी पलंगावरून उड्या मारमारून पलंगाचा एक पाय मोडला होता, आणि एकदा दादा माझ्यावर इतका संतापला की आठवडाभर बोलला नाही. कशावरून, कोण जाणे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज लॅबमध्ये कामापेक्षा चाळेच जास्त केले. मी दातांच्या कवळ्या बनवते, त्यामुळे हिरड्यांचा गुलाबी रंग माझ्याकडे बाटल्यांनी असतो. कार्यक्रमात मागच्या पडद्यावर रंगीत बुडबुडे फिरवायचे आहेत, जुने बँड करायचे तसे. काचेच्या ताटलीत पाणी, वर तेल, तेलात रंग, खालून प्रोजेक्टरचा दिवा, आणि ताटली हलवत राहायची. गुलाबी असा काही सुंदर पसरला की मी आणि माझी सहकारी दोघी ताटलीवर वाकून "अगंबाई, अगंबाई" करत बसलो. साहेब आत आले. दोन कवळ्या आज द्यायच्या होत्या. बोलणी खाल्ली, पण चूक माझीच होती.

घरी आमचे हे म्हणाले, "तुमच्या त्या कपाटांचा खडखडाट यंदा हॉलमध्ये का? लोकांनी काय पाप केलंय?" लग्नाला सव्वीस वर्षं झाली, ह्यांचं हे एकच वाक्य. पण मी तालमीची कॅसेट लावली होती, आणि उचकी आली तेव्हा हे गॅससमोर चहा गाळत होते. पाय उचलला! नक्की उचलला. चहा सांडला म्हणून कळलं. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दादा हल्ली विक्षिप्त होत चाललाय. आज म्हणे ऑर्गन भिंतीकडे नको, माझ्या बरोबर समोर हवा. मेट्रनबाईंना म्हणाला, गाताना माझ्याकडे पाठ करायची नाही. मग स्वतः गुडघे टेकून सतरंजी गुंडाळली, चपला काढल्या, आणि उघड्या फरशीवर पाय ठेवून बसला. मी विचारलं, "थंडी वाजत नाही का रे?" तर म्हणतो, "हो, पावणेपाच झाले."

हसून हसून पुरेवाट. वाजवतो मात्र असा की पासष्टीचा आहे हे खरं वाटत नाही. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या ना, दंड अजून लोखंडी आहेत.

२२ फेब्रुवारी, शनिवार

 आधी आनंदाचं लिहिते.

कोर्टातलं भांडण मिटलं! पन्नास वर्षांच्या निमित्ताने 'सातव्या मजल्यावरचा समुद्र' नवी निघाली, आणि प्रोफेसरांनी आम्हाला कुणाला न सांगता टपालाने मागवली. आज तालमीऐवजी ऐकायची सभा. एकतीसच्या एकतीस सभासद हजर. गादीवालासुद्धा वर येऊन दारात उभा. प्रोफेसरांनी रेकॉर्ड दोन्ही तळव्यांत धरून आत आणली, नवजात बाळ आणावं तशी. सुई टेकली आणि काय सांगू! सत्तेचाळीस वर्षं आम्ही समुद्र चादरीआडून ऐकत होतो. गिटारमागे दुसरी गिटार होती! घंटा होत्या! मेट्रनबाई घळाघळा रडत होत्या आणि माझ्या दंडाला चिमटे काढत होत्या.

दुसरी बाजू लागली. चौदावं मिनिट आलं. सगळे उठून उभे राहिले, चपला सावरल्या. पहिली लाट. दुसरी लाट. तिसऱ्या लाटेला एकतीस माणसं उडाली, आणि खाली आली तेव्हा ताल तिथे नव्हताच.

उचकी नाही. धप् नाही. मुलगी नाही. लाट आपली शहाण्यासारखी पूर्ण मोजून आपटली आणि गाणं पुढे गेलं. जिन्यात शेवटची पायरी नसताना पाय टाकावा तसे सगळे एकमेकांवर पडले. प्रोफेसर खुर्चीसकट आडवे, चष्म्याची काडी मोडली. खाली गादीच्या दुकानात काहीतरी कोसळलं.

एकटा दादा ढिम्म. तो उडाला, खाली आला, आणि मांडीवर पुढचा ताल धरून हसत बसला. आजूबाजूला माणसं लोळताहेत आणि हा आपला मजेत! मी हलवलं तेव्हा म्हणाला, "झकास उतरलंय, नाही?" मला त्याचा असा राग आला.

प्रोफेसरांनी तीनदा सुई मागे नेली. तिन्ही वेळा उचकी नाही. मूळ रेकॉर्डमध्ये ती नव्हतीच कधी. मग आम्ही सत्तेचाळीस वर्षं ऐकलं ते काय?

२३ फेब्रुवारी, रविवार

आज कुणी कुणाला फोन केला नाही. मी कपडे वाळत घालताना दोनदा उडी मारली आणि दोन्ही वेळा ओशाळले.

१ मार्च, शनिवार

कडाक्याचं भांडण. प्रोफेसर म्हणाले, "मुद्दा पहिला, मूळ ते मूळ. मुद्दा दुसरा, आपल्या कॅसेटमध्ये दोष होता. मुद्दा तिसरा, पन्नासाव्या वर्षी आपण दोष वाजवणार नाही." बोलताना त्यांचा चेहरा असा झाला होता की पाहवेना. चौसष्ट पानं गेली ना त्यांची.

मेट्रनबाई उसळल्या. "दोष? माझ्या वॉर्डात एक आजी शेवटच्या आठवड्यात पलंगावर पडल्या पडल्या त्या जागी अंगठा उडवायच्या. त्यांना जाऊन सांगू, आजी, दोष होता?"

मतदान घेतलं. सोळा विरुद्ध चौदा, शुद्ध वाजवायचं. खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहिते, सोळावं मत माझं. मला वाटलं, खरं ते खरं. दादाने हातच वर केला नाही. प्रोफेसरांनी विचारलं तर शांतपणे म्हणाला, "मी शिकलोय तसं वाजवीन."

५ मार्च, बुधवार

दादाला नवीन रेकॉर्डची दुसरी बाजू पेन ड्राइव्हवर भरून दिली होती, रोज ऐक म्हणून बजावलं होतं. आज तालमीत पुन्हा उचकी! आम्ही तिघं सरळ गेलो, हा ठेचकाळून पुढे. चार वेळा वाजवलं, चारही वेळा तेच. वर हसतो. प्रोफेसरांनी कपाळावर हात मारला. "दादासाहेब, तुम्ही ती रेकॉर्ड ऐकली तरी का?" तर म्हणे, "रोज. दोन वेळा."

बाहेर आल्यावर प्रोफेसर मला म्हणाले, "सेक्रेटरीबाई, माझ्याकडे गाडी शिकायला एक वाजंत्रीवाला येतो. ड्रम चांगला वाजवतो. पुढच्या शनिवारपर्यंत दादासाहेब सुधारले नाहीत तर मला त्याला विचारावं लागेल. मला वाईट वाटतं, पण अठरा दिवस राहिले."

ज्या माणसाने हा समुद्र गावात आणला, त्यालाच बाहेर बसवणार! आणि तोसुद्धा स्वतःच्या हट्टापायी. दादा पहिल्यापासून असाच. आपलं तेच खरं. ऐकून घ्यायचं म्हणून नाही. सोमवारी लॅबमधून सरळ त्याच्या घरी जाऊन चांगला धारेवर धरणार आहे.

१० मार्च, सोमवार

देवा रे.

लॅबमध्ये आज दिवसभर कवळ्या घासायचं काम होतं. त्याची पूड उडते, म्हणून तोंडावर मास्क असतो. डोक्यात राग इतका होता की मास्क काढायचं विसरून तशीच दादाकडे गेले. वहिनी बाजारात निघाली होती, तिने दार उघडं ठेवलं. दादा खिडकीपाशी ड्रमच्या काड्या घासत बसला होता. मी तोंड सोडलं ते सोडलंच. तुला काही समजतं का, तीन माणसांचं वाटोळं करतोयस, प्रोफेसर दुसरा माणूस आणणार आहेत, कळतंय का तुला?

दादा म्हणाला, "हो, ठेवतो. साखर घालू ना?"

मी अजून चढले. म्हटलं, चेष्टा पुरे! तो म्हणाला, "तुझी वहिनी आत्ताच गेली, येईल इतक्यात."

मग मी रागारागाने मास्क खाली ओढला आणि तो हलकेच म्हणाला, "हां, आता बोल. आता दिसतंय."

 थंड फरशीवरचे पाय, समोरचा ऑर्गन, पावणेपाच, लोळणारी माणसं आणि एकटा हसणारा दादा, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मी किती मूर्ख असावं!

तीन वर्षं झाली म्हणे. लिफ्टच्या मशीनरूममध्ये जन्म गेला, त्याचं फळ. माणसांचं बोलणं तो ओठांवरून ओळखतो. गाणं लावलं तर त्याला नुसती जमीन हलल्यासारखी लागते. नवीन रेकॉर्ड त्याने रोज दोन वेळा लावली हे खरं होतं, स्पीकरवर हात ठेवून बसायचा. पण हाताला ढोबळ तेवढं कळतं. "वरचं सगळं मी आठवणीतून भरतो," म्हणाला. "आणि आठवण माझ्याकडे एकच आहे, चिमे. कॅसेटची. त्यात उचकी आहे. माझ्याकडे बिनउचकीचा समुद्र नाहीच. कुठून वाजवू?"

मी विचारलं, मशीन का लावत नाहीस कानाला? लावून बघितलं म्हणे दवाखान्यात. बोलणं कळलं, पण गाणं लावलं तर पत्र्यावर खडे पडल्यासारखं. "मशीनला मी नाही म्हणत नाही. २३ तारखेनंतर बसवतो. पण त्याच्या आधी एकदा, माझ्या डोक्यात आहे तस्सा आख्खा वाजवायचाय. तो खड्यांचा आवाज आत शिरला आणि आतलं पुसलं गेलं तर? कुणाला सांगू नकोस. हळहळायला लागतील आणि मला खुर्ची देऊन पहिल्या रांगेत बसवतील."

मी विचारलं, वहिनीला? वहिनी तेवढ्यात पिशव्या घेऊन आत आली होती. म्हणाली, "वन्सं, पहिलं वर्षभर मला वाटलं माझंच ऐकत नाहीत. सगळ्यांचे नवरे तसेच असतात म्हणून मी गप्प बसले." आणि ती हसायला लागली, मग दादा तिच्याकडे बघून हसायला लागला, आणि मी मधे बसून रडत होते आणि हसत होते.

निघताना मी म्हटलं, पण दादा, कॅसेटमध्ये उचकी आली कुठून? मूळ रेकॉर्डमध्ये तर नाही.

त्याने काड्या खाली ठेवल्या. "तुला खरंच आठवत नाही? सगळ्यांना चूप बसवलं होतं मी. आईला भांडी घासू दिली नव्हती. चौदा मिनिटं तू शहाण्यासारखी पलंगावर बसलीस. मग लाटा आल्या, तुझ्या अंगात आलं, आणि मारलीस उडी. प्लेअर हलला, सुईने मात्रा गिळली, आणि तू अशी खिदळलीस की काय सांगू! आठवडाभर बोललो नाही तुझ्याशी. मग एक दिवस ती जागा पुन्हा ऐकली आणि वाटलं, हिच्याशिवाय काही मजा नाही."

"आणि प्रोफेसरांची पुस्तिका? प्रुफं तू तपासलीस ना?"

"म्हणून तर रुमाल कोंबावा लागला," दादा म्हणाला.

१५ मार्च, शनिवार

आज सभेला गेले. दादाच्या कानांचं वचन दिलंय, ते तोंडातून निघणार नाही. पण उडी माझी आहे, ती सांगणं माझ्या हातात होतं. वाटलं होतं, सत्तेचाळीस वर्षांचं खापर आज माझ्या डोक्यावर फुटणार.

उभी राहिले आणि सांगून टाकलं. ती गायकाची बहीण नव्हती. ती मी होते. पलंगावरून उडी मारली. माफ करा.

 प्रोफेसरांनी चष्मा काढला, काडीला चिकटपट्टी लावलेला, पुसला, परत घातला. मला नीट निरखून बघितलं. 

"म्हणजे ती मुलगी," ते म्हणाले, "ती मुलगी मेलेली नाही?"

"नाही हो. कवळ्या बनवते."

"एकतीस वर्षं मी तिच्यासाठी हळहळतोय," म्हणाले, आणि उठून त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि गदागदा हलवायला लागले. "सेक्रेटरीबाई, तुम्ही जिवंत आहात ह्याचा मला इतका आनंद झालाय, इतका आनंद झालाय!" पुढे त्यांना एकही मुद्दा सुचला नाही. मेट्रनबाईंनी जल्लोष केला. मग काय, सगळे मला चिमटा काढून बघायला आले, खरी आहे का म्हणून. गादीवाला म्हणाला, माझी पण ओळख करून द्या.

फेरमतदान. एकतीस विरुद्ध शून्य. उचकीसकट वाजवायचं! दादाने या वेळी हात वर केला, माझ्या हाताकडे बघून.

२१ मार्च, शुक्रवार

धावपळ. मेट्रनबाईंची मखमली तुमान बसेना, मागून उसवून मध्ये पडद्याचं कापड घातलं. प्रोफेसरांनी केसांची झुलपं आणायचा प्रयत्न केला, पण केसच नाहीत. प्रोजेक्टरची ताटली कोण हलवणार, हा प्रश्न होता. आमचे हे पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "मी हलवतो. तुम्हा कुणाला जमणार नाही." सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी ह्यांना भर दिवसा मिठी मारली.

दादाचं आणि माझं ठरलंय. धुमाकुळात ताल नसतो, तेव्हा त्याला पाय ठेवायला जागा नाही. तिथून परत तालात यायचं ते माझ्या मानेवर. मी मान डोलावली की पहिली लाट. तालमीत दहा वेळा केलं, दहाही वेळा बिनचूक.

२४ मार्च, सोमवार

दादा, ही वही मी तुला देतेय. कुणी वाचायची नाही असं पहिल्या पानावर लिहिलंय, ते सोडून दे. ५ मार्च मात्र वाचू नकोस.

काल सगळं आवरल्यावर कुणाला कळू नये म्हणून तू माझ्या पेनाने तिकिटाच्या मागे लिहून विचारलंस, 'कसं झालं?' तेव्हा माझ्या लक्षात आलं. सगळे तुला मिठ्या मारत होते, तुझ्या खांद्यावर तोंड ठेवून बोलत होते, आणि तू सगळ्यांना मान हलवत होतास. तुला एक अक्षर कळलं नव्हतं. म्हणून आता सांगते. सावकाश वाच.

हॉल भरला होता. मागे माणसं उभी होती. पहिली बाजू संपली तेव्हा टाळ्या इतका वेळ चालल्या की मेट्रनबाई दोनदा पाणी प्यायल्या. प्रोफेसरांच्या गिटारची एक तार तुटली होती, त्यांनी ती नाही असंच समजून वाजवलं. तू वाजवत होतास तेव्हा पहिल्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून तुझ्याबरोबर गुडघ्यावर वाजवत होते, आणि ते कुठेही चुकले नाहीत, कारण तू चुकला नाहीस.

मग दुसरी बाजू. धुमाकूळ सुरू झाला आणि ह्यांच्या अंगात आलं. नुसता गुलाबी पुरे ना, तर जांभळ्याची आख्खी बाटली ताटलीत ओतली! स्टेजवर मिट्ट जांभळा काळोख. मी तुझ्याकडे पाहिलं तर तू दिसेनास, म्हणजे मीही तुला दिसत नव्हते. तू मान शोधत होतास, हे मला तुझ्या काड्यांवरून कळलं. त्यांचा आवाज थांबला होता. मेट्रनबाईंचा सूर संपत आला. प्रोफेसर अंधारातून "सेक्रेटरीबाई, सेक्रेटरीबाई" कुजबुजायला लागले. दादा, माझी पाचावर धारण बसली. मला वाटलं, संपलं, तुझं एवढं एक मागणं आणि ते माझ्या नवऱ्याच्या बाटलीत बुडालं.

मी विचारबिचार केला नाही. ऑर्गन सोडला, स्टेजच्या मधोमध गेले, आणि तुझ्या अनवाणी पायांपासून हातभर अंतरावर फळ्यांवर उडी मारली. त्रेपन्न वर्षांची, चष्मा लावलेली, गुडघ्याला पट्टा बांधलेली. धप्! आणि तुझी पहिली लाट आली. पुन्हा धप्, दुसरी लाट. तिसऱ्या वेळी मी एक मात्रा आधी पडले, बरोब्बर जिथे पडायचं तिथे, आणि तुझा ताल माझ्या पायांखालीच सापडला.

आणि दादा, त्या वेळी आख्खा हॉल उडाला होता. चारशे माणसं एकदम खाली आली, ते तुला फळ्यांतून कळलंच असेल. पण त्यानंतरचं तुला ऐकू आलं नाही, ते सांगायला ही वही. उडी मारून झाल्यावर हॉलमध्ये कोणीतरी खिदळलं. मोठ्याने, अगदी पोटातून, थांबता थांबेना. सगळे कान देऊन ऐकत होते. प्रोफेसर वाजवता वाजवता रडत होते. ती मीच होते रे. आवाज घोगरा झालाय आता, बाकी सगळं कॅसेटमधल्यासारखं.